गवतमामांचा तिसरा चेंडू

गवतमामा अनवाणी गोल्फ खेळायचे. खळ्यात कुणी चपला घालून शिरत नाही, तसंच हिरवळीवरही शिरू नये, असं त्यांचं म्हणणं. हे माझे सख्खे मामा, अकोले तालुक्याच्या डोंगरातले भातशेतकरी. कोकणात समुद्रकड्यावरच्या एका गोल्फ मैदानावर गवत कापायला गेले आणि तिथेच अठरा वर्षं राहिले. म्हणून गावाने हे नाव पाडलं.

चेंडू पडून हिरवळ दबली की मामा वाकायचे आणि भाताचं रोप लावावं तशी बोटं खुपसून माती सारखी करायचे. "मारनारा जातो निघून. लागतं जिमिनीला."

मैदानात एके ठिकाणी कडा तुटलेला होता. चेंडू समुद्रावरून पलीकडच्या कड्यावर जायला हवा. वर्षातून एक दिवस कामगारांना खेळू देत, प्रत्येकी तीन चेंडू. मामांचे तिन्ही दर वर्षी पाण्यात.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी मी सुट्टीत तिथे गेले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. उत्तर येत असलं तरी वर्गात माझं तोंड उघडत नसे.

कामगारांच्या खेळाच्या दिवशी तेव्हाही मामांचे दोन चेंडू बुडाले. मुकादम म्हणाले, "मामा, त्या पुढच्या, जवळच्या खुणेवरून मारा. माशांना किती चारणार?"

"मंग त्यो दुसराच खेळ झाला. हितूनच मारनार."

मामांनी मूठभर गवत उपटलं आणि भात उफणावं तसं खांद्यापासून हळूहळू सोडलं. समोरच्या वाऱ्याने ते तोंडावर आलं. थोड्या वेळाने पुन्हा मूठ, पुन्हा तेच.

"मामा, सगळे थांबलेत," मी म्हटलं.

"थांबू दे. घाई केली की भुसकटाबरोबर दाना बी जातो."

जेवणाची हाक आली. एकेक करून सगळे उठून गेले. मामा उभेच. बऱ्याच वेळाने गवत त्यांच्या पुढे उडालं. त्यांनी काठी फिरवली. चेंडू पाण्यावरून गेला आणि पलीकडे, त्यांनीच सकाळी कापलेल्या गवतावर उसळला.

मामांनी मागे वळून पाहिलं. माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"तू पाह्यलंस न्हवं?"

"हो."

"मंग झालं."

मामा मागच्या वर्षी गेले. दहाव्याला ओटा माणसांनी भरला होता. एक म्हातारबा हसत म्हणाले, "समुद्रापार चेंडू मारला म्हनायचा गडी. कुनी पाह्यलाय?"

 मी उठले.

"मी पाहिलाय," म्हटलं, आणि मामांनी चपला काढल्या तिथपासून सगळं सांगितलं.