मापासाठी उभा असलेला माणूस

माझ्या दिवंगत पत्नीने काढलेल्या एकशे चाळीस छायाचित्रांतून मी एका माणसाला कापून काढले.

शांतपणे, एकेक करून.

आज उज्ज्वलाला जाऊन एक वर्ष झाले. तिच्याविषयी चांगले शब्द लिहिण्याचा हा दिवस आहे. परंतु ते शब्द लिहिण्याचा अधिकार मिळण्यापूर्वी हे सांगणे मला आवश्यक वाटते.

उज्ज्वला वास्तुविशारद होती, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आमच्या विवाहापूर्वी ती दोन वर्षे अमेरिकेत, सेंट लुईसला शिकत होती. तेथील लाल विटांच्या जुन्या वस्त्या आणि मिसिसिपीच्या काठची लहान गावे तिने सुट्टीच्या दिवशी पायी पालथी घातली.

तिचा एक नियम होता. आधी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि वरचा मजला पाहायचा.

"खालचा मजला दुकानदार बदलत राहतात. वर कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तो खरा राहतो."

हे सर्व मला तोंडपाठ आहे. त्यातले काहीही मी पाहिलेले नाही.

ग्लेन तिचा वर्गमित्र. तेथील जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात तो कुठल्या ना कुठल्या दाराशेजारी उभा आहे.

विवाहानंतर अल्बम प्रथम पाहताना मी विचारले होते, "हा कोण?"

"तो माप आहे."

"म्हणजे?"

"अहो, माणसाची उंची माहीत असली की शेजारच्या दाराची उंची काढता येते. म्हणून एक माणूस उभा करायचा. कोणीही चालतो."

कोणीही चालतो, तर प्रत्येक वेळी हाच का, हे मी विचारले नाही. पुढेही कधी विचारले नाही.

सिंगापूरला आल्यावर ती रविवारी सकाळी जू चियाट भागातली जुनी दुकानघरे, खाली दुकान आणि वर घर अशी, पाहायला जाऊ लागली. एकदा मलाही घेऊन गेली आणि एका दाराशेजारी उभे राहण्यास सांगितले.

आठवडाभर जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात कंपनीच्या बसने ये-जा करून मी थकलेलो होतो. समोर कॉफी पिणारे लोक पाहत होते.

"मी काय खांब आहे?"

"खांब परवडला," ती म्हणाली. "तो सारखं घड्याळ बघत नाही."

पुढच्या रविवारी तिने मोजणीची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी आणली. त्यानंतर मला बोलावले नाही. सिंगापूरच्या सर्व छायाचित्रांत ती काठी उभी आहे.

ती जागा माझी होती. मीच ती सोडली.

२०१२ साली उज्ज्वला तीन आठवड्यांसाठी पुन्हा त्या गावांत गेली. मलाही चला म्हणाली होती. प्लांटचे दुरुस्तीसाठीचे शटडाऊन आहे, रजा मिळणार नाही, असे मी सांगितले.

रजेचा अर्ज मी केलाच नव्हता.

त्या वेळच्या छायाचित्रांत ग्लेनचे केस पांढरे झाले आहेत. आणि तो हसतो आहे. कॅमेऱ्याकडे पाहून, म्हणजे तिच्याकडे पाहून.

ती काय बोलली असेल, ते मला ठाऊक नाही. मला तसे हसवण्याचा प्रयत्न तिने किती वेळा करून सोडून दिला असेल, तेही नाही.

चार महिन्यांपूर्वी ग्लेनचा ईमेल आला. इलिनॉयमधल्या एका नदीकाठच्या गावात कोपऱ्यावरची जुनी इमारत आगीत गेली. गावकऱ्यांना तिची दर्शनी बाजू होती तशीच पुन्हा उभारायची आहे. समोरून, सरळ घेतलेली छायाचित्रे फक्त उज्ज्वलाकडे होती. मिळतील का?

नाही म्हणणे असभ्य ठरले असते.

मी त्या गावच्या संपूर्ण फोल्डरची प्रत केली, प्रत्येक चित्रातून त्याला क्रॉप केले आणि नम्र पत्रासह पाठवले.

त्याचे उत्तर मी मराठीत देतो. "आभारी आहे. पण सुतारांना दाराची उंची मिळत नाही. मी ज्यात होतो ती चित्रे दिसत नाहीत. उज्ज्वलानेच मला काढून टाकले असावे. तिचे काही कारण असेल."

दोन दिवस मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही.

त्यानंतर मी उत्तर देणे टाळत राहिलो. गेल्या आठवड्यात आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये नाश्ता करताना मी हे ईशाला, आमच्या मुलीला, सांगितले.

तिने चमचा खाली ठेवला आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, ही वॉज ओन्ली देअर फॉर स्केल. सो पेटी, लाह."

"नीट मराठीत बोल."

"मराठीत अजून वाईट वाटेल, बाबा."

मी माझी ताटली उचलली.

"अँड नाऊ ही थिंक्स आईनं केलं," ती म्हणाली.

ते वाक्य मला सहन झाले नाही. मत्सर माझा होता आणि दोष उज्ज्वलाच्या नावावर गेला होता. खुलासा करायला ती नव्हती.

आज सकाळी मी सर्व मूळ छायाचित्रे पाठवली. सोबत लिहिले, "ही तिने नव्हे, मी कापली होती. कृपया आपली उंची कळवावी, म्हणजे दाराची उंची मी येथूनच काढून देतो."

तासाभरात उत्तर आले. "सहा फूट एक इंच. आता जरा आकसलो आहे. तिने केले नव्हते, हे कळले. मला याची फार गरज होती."

दाराची उंची सात फूट आठ इंच निघाली. दोनदा तपासून कळवली.

मला हलके वाटेल अशी अपेक्षा होती. तसे वाटलेले नाही.

काही महिन्यांनी ते दार पुन्हा उभे राहील. उज्ज्वला ज्या गावात मनसोक्त हिंडली, तेथील माणसे त्यातून रोज आत-बाहेर करतील.

मला त्यांचाही हेवा वाटेल.

उज्ज्वला, मी तुझ्याबरोबर यायला हवे होते.

तुला माझा आणि ईशाचा साश्रू नमस्कार.