एकाच नावाच्या दोन गोष्टी

बाळांनो, तुमची आत्या त्या आठवड्यात धड जेवत नव्हती, एवढं तुम्हाला फोनवर कळलं होतं. कारण आज नीट सांगते.

नंदनवन भागातल्या आपल्या घरी बसून ती एका पॅथॉलॉजी लॅबचं काम एकटी सांभाळते. रुग्णांची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसची स्वतःची एक प्रोग्रामिंगची भाषा असते. जगभरची माणसं ती मिळून घडवतात आणि तिच्यातले बदल ईमेलवर, सर्वांसमक्ष वाद घालून ठरवतात. या वेळचा वाद असा: तक्त्यातल्या रकान्याचं आणि प्रोग्राममधल्या व्हेरिएबलचं, म्हणजे हाताशी लागणारी माहिती तात्पुरती ठेवायच्या डबीचं, नाव एकच असेल तर काय करायचं? आजवर भाषा गुपचूप व्हेरिएबल धरायची. आता काहींचं म्हणणं, अंदाज नकोच. तिथेच थांबून चूक दाखवा.

आत्यानं तर टापटिपीसाठी सगळीकडे नावं सारखीच ठेवलेली. बदल झाला की तिचे सारे प्रोग्राम बंद पडणार आणि लॅब दुसरा माणूस शोधणार.

ती विरोधाचे मेल लिहायची, मी इंग्रजी तपासायची.

"आई, हे 'काइंडली' काढ वं. इथं जीव चालला माझा, अन् तू दरबारात अर्ज देऊन राहिली!"

"भांडायचं तर व्याकरणानं भांड," मी म्हटलं. ती हसली नाही.

मग कुणीतरी विचारलं, जुन्या पद्धतीमुळे नुकसान झाल्याचं एक तरी उदाहरण आहे का? "नाहीच," आत्या म्हणाली. पण तसं लिहिण्याआधी ती आपले प्रोग्राम चाळायला बसली.

दुपारी चहा घेऊन गेले, तर तिनं पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. बाहेरगावच्या रुग्णांच्या तक्त्यात एकाच रुग्णापुढे, रिपोर्ट दिला, अशी खूण करायची होती. तक्त्यातला रुग्ण क्रमांक हवा त्या क्रमांकाशी जुळतो का हे पाहताना दोन्हीकडे एकच नाव, आणि भाषेनं दोन्हीकडे व्हेरिएबलच धरलेलं. ते स्वतःशी जुळणारच. त्यामुळे खूण सगळ्याच बाहेरगावच्या रुग्णांवर. भिवापूरहून आलेल्या एका बाईंना 'तुमचा रिपोर्ट नेलाय' म्हणून परत पाठवलं होतं. आत्यानं तेव्हा काउंटरवाल्यांनाच बोल लावला होता.

"गुपचूप दुरुस्त कर. कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं.

"त्यायनं उदाहरण मागितलं ना वं? मंग हे काय आहे?"

आधी तिनं लॅबला फोन करून सगळं सांगितलं. मग मेल लिहिला, तो मला तपासायला दिला नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या बाजूनं भांडणारेही तिचंच उदाहरण देऊन बदल मान्य करत होते.

लॅबवाले फोनवर 'कळवतो' म्हणाले होते, पण त्यांचं काही आलं नाही. आत्या पहिल्या प्रोग्रामपासून नावं बदलत बसली, ते काम आता आपलं आहे की नाही, हे माहीत नसताना.