भिंतीकडून आलेला हात

भूतबित मी मानत नाय. पोरीला काळा टिळा पण सासूच लावते, मी नाय. तरी हे लिहितेय... ज्यांना हसायचं त्यांनी हसा, पण पूर्ण वाचून हसा.

मी सातवी शिकलेली, साताऱ्याकडची. कामोठ्यात एका नर्सिंगच्या शाळेत झाडलोट करते. माझी पिंकी नऊ महिन्यांची, तिला सोबतच नेते. तिथल्या पोरी बऱ्याचशा केरळच्या. इंजेक्शन झक्क देतील, पण पेशंटशी मराठीत बोल म्हटलं की तोंड शिवलेलं! म्हणून मॅडम मलाच पेशंट करतात. मी पलंगावर डोळे मिटून पडायचं, पोरींनी एकेकीनं यायचं, नाव सांगायचं, "हात लावू का?" विचारायचं, मगच लावायचा. न विचारता लावला की मॅडम ओरडल्याच.

त्या दुपारी पिंकी शेजारच्या पलंगावर झोपलेली, पोरी ज्याला पट्ट्या बांधायला शिकतात त्या प्लॅस्टिकच्या बाहुल्याजवळ. मी डोळे मिटलेले. लिसी आली, "मौशी, मी लिसी. तुमी दुखते?"

"मी कशाला दुखू गं, डोकं दुखतंय माझं!" सगळ्या खिदळल्या.

आणि तेवढ्यात दुसऱ्या अंगानं, अगदी कानाशी, म्हाताऱ्या बाईचा आवाज... "बाय गो, हात लावू का?"

मी डोळे मिटूनच म्हटलं, लाव. खांद्यावर हात आला. गार, ओला.

"पोरीला बघ. तिचे गल्यान कायतरी अरकलंय."

ताडकन उठले. पिंकी जागी, पण आवाजच नाय, तोंड निळं! मी किंचाळले. मॅडमनी तिला पालथी घेतली, पाठीत थापट्या मारल्या — बाहुल्याच्या झग्याचं बटण टणकन लादीवर पडलं. मग रडली. देवा, ते रडणं!

नंतर बघितलं तर माझ्या त्या अंगाला भिंत. पलंग भिंतीला चिकटून, मांजर मावायचं नाय. लिसी म्हणते, "मौशी, तुमी एकटीच 'लाव' बोलला." पण ब्लाऊजचा खांदा ओला होता, मॅडमनी स्वतः हात लावून बघितला.

मॅडम म्हणाल्या, "अगं, आईचं मन असतं, त्याला कळतं."

"मग आईचं मन इथल्या गावची आगरी बोली बोलतं होय मॅडम? मी तर साताऱ्याची!"

नवरा म्हणाला काम सोड. सासू नारळ घेऊन बसलेली, "बाधा हाय ती, उतरवून टाक."

"आत्या, बाधा विचारून हात लावते का? तुमच्या घरात तरी कोण विचारतं मला?"

दुसऱ्या दिवशी परत गेले. घाबरत गेले, खोटं कशाला बोलू. त्या कोपऱ्यात झाडताना अजून काटा येतो. ती कोण, कुठली... कामोठे गावातल्या म्हाताऱ्यांना पण विचारलं, कोणालाच सांगता येत नाय. मला तर नायच नाय.

फक्त पलंग मी भिंतीपासून हातभर ओढून ठेवते. मॅडम रोज विचारतात, "हा पुन्हा मध्ये कोणी आणला?"

मीच आणला. माणसाला उभं राहायला जागा नको?