दहाव्याला दिलेला शब्द

बाबा गेल्यावर क्रिमेटोरियमचा स्लॉट मिळायलाच बारा दिवस लागले. म्हणून लेस्टरमध्ये त्यांचा दहावा आम्ही अग्नी दिला त्या दिवसापासून मोजला. तोवर दुःखाचे पुष्कळ नमुने माझ्या पाहण्यात आले होते. शोकसभेत तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बाबांना 'माझे थोरले भाऊ' म्हणाले. हेच गृहस्थ दोन वर्षं बाबांशी बोलत नव्हते. चष्मा काढून त्यांनी डोळेही पुसले. माणसं किती खोटी असतात, असं मी गाडीत बायकोला म्हणालो.

दहाव्याला आईबाबांच्या घरामागच्या गार्डनमध्ये पिंड ठेवले. कावळा शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही. तो शिवला नाही तर गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय असं समजायचं आणि घरच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा. फेन्सवर एक कावळा बसला होता, पण खाली येईना. तीस-पस्तीस माणसं थंडीत ताटकळत उभी. हळूहळू सगळे माझ्याकडे, एकुलत्या एका मुलाकडे, बघू लागले.

मी हात जोडले. "बाबा, आईची काळजी करू नका. तिला मी एडिनबराला माझ्या घरी नेतो. एकटी ठेवणार नाही." आवाज हवा तिथे बरोबर कापला. त्याच आठवड्यात मी आईचं नाव एका केअर होममध्ये घालून आलो होतो. ते फक्त बायकोला ठाऊक होतं.

कावळा उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली. बायका रडल्या. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

माणसं पांगल्यावर आई किचनमध्ये ताटल्या पुसत होती. मी दोनदा बोलायला गेलो आणि नुसत्याच ताटल्या कपाटात लावत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "अरे, तो कावळा रोजचाच आहे. हे त्याला सकाळी पोळी घालायचे. आज माणसं बघून बुजला होता, इतकंच. तुझ्या बोलण्यानं नाही आला. तेव्हा तू त्या शब्दात अडकू नकोस." मग पुसलेली ताटली खाली ठेवून, "होमवाल्यांचा फोन होता सकाळी. तू इथलाच नंबर दिलायस. रूम रेडी आहे म्हणाले."

'काहीतरीच काय, तू चल माझ्याबरोबर,' असं मी म्हणायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं. मी "बरं" म्हणालो. तिनं पुसलेली ताटली पुन्हा पुसायला घेतली.

होममध्ये ती चौदा महिने होती. फोनवर दर रविवारी सांगायची, "मजेत आहे रे." मग तीही गेली.

घर तोवर विकलं होतं. तिचा दहावा ओळखीच्या एकांच्या गार्डनमध्ये केला. तासभर वाट पाहिली, कावळा फिरकला नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "अहो, त्यांची काही इच्छा राहिली असेल. पुरी करतो म्हणा." तिची इच्छा मला पक्की ठाऊक होती. मी हात जोडले, पण तोंडातून शब्द फुटेना, आणि सगळ्यांसमोर मी ओक्साबोक्शी रडलो. इतकं खरं मी आयुष्यात कधी रडलो नव्हतो.

मागून कुणीतरी म्हणालं, "आईवर किती जीव होता बघा."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला.