घोडीच्या तोंडापुढचं ताट

घोडी माझ्या धाकट्या दिराची, तो निडी गावात राहतो. लग्नात तिच्यावर नवरदेव बसायचे. अंगाने लहान, तट्टूच म्हणा. इतक्या वर्षांत त्याने तिला एकदाही जंताचं औषध पाजलं नव्हतं. खातेय ना, मग पोटात काय असणार, म्हणायचा. फासळ्या दिसायला लागल्या तेव्हा औषध दिलं. जंत पडले. मग घोडी बरी झाली समजून या शहाण्याने तिच्यापुढे बैलांचा सुका पेंढा टाकला. पोट फुगून ती लोळायला लागली, तेव्हा माझ्याकडे रामवाडीला आणून बांधली, इथे डॉक्टर जवळ म्हणून.

डॉक्टर म्हणाले, जंत गेले, पण त्यांनी खराब केलेलं आतडं पुन्हा नीट होत नाही. बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. पेंढा आत अडकला तर मरेल. थोडं थोडं द्या, भिजवून द्या, डाळ-गूळ मात्र अजिबात नको. तेव्हापासून मी दिवसातून पाच वेळा कोंडा भिजवते, कोवळं गवत कापून घालते आणि रोज लीद काठीने फोडून बघते.

शेजारीण विचारते, "काय गो, सोनं गावलं का?"

"गावलं तर तुझ्या दारात आणून टाकीन."

यंदा दिराने मला न विचारता रोह्याच्या लग्नाची सुपारी घेतली. "तासभर उभी ऱ्हाईल वहिनी, काय होत नाय." म्हटलं, लगाम मी धरणार.

सकाळी नवऱ्यामुलाच्या दारात घोडी उभी केली. मुलाची आत्या ताट घेऊन आली. त्यात भिजवलेल्या चणाडाळीचा ढीग आणि वर गूळ. घोडीने ते खाल्ल्याशिवाय नवरा वर चढत नाही, अशी त्या घरची रीत. मी ताटापुढे हात धरला.

"हिला हे चालत नाय. पाय धुवा, कुंकू लावा, बास."

"अवो, अपशकुन व्हईल."

"दारात घोडी मेली तर शकुन व्हईल काय?"

तेवढ्यात दिराने आत्याच्या हातातून ताट घेतलं. "म्हातारीचं काय ऐकता," म्हणाला आणि माझ्यासमोर घोडीच्या तोंडाखाली धरलं. जनावरच ते, तोंड घातलंच. दोन घास गेले. मी ताट हिसकून उलटं केलं. सगळी डाळ मांडवात. बायका ओरडत राहिल्या. मी घोडी टेम्पोत चढवली आणि घरी आणली. नवरा कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून गेला म्हणे.

दुपारभर घोडी पाय आपटत होती, वळून वळून पोटाकडे बघत होती. डॉक्टरांनी येऊन नळीने औषध घातलं. मी अंगणात तिला फिरवत राहिले. माझे गुडघे गेलेत, पण रागाने चालता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिराचा फोन आला. "वहिनी, रोह्यात तोंड दाखवायला जागा नाय ठेवलीत तुमी."

मी तेव्हा लीद फोडत होते. पातळ होती, पण पडली होती.

"नको दाखवू. आणि घोडी आता तुझी नाय," म्हटलं आणि फोन बंद केला.