हौसाआक्कांचा बोनस

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कुणी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते माझी मुलगी मला वाचून दाखवते. परवा ती म्हणाली, "आई, तू पण लिही की हौसाआक्कांवर." मला चार माणसांत बोलता येत नाही. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून बसले.

आक्का गेल्या त्या सकाळी रबराचा टेम्पो आला होता. आम्ही पिंपळे गुरवला राहतो. चाकणच्या एका कारखान्यातून रबराचे गोल नग पोत्यांत भरून घरी येतात, त्यांच्या कडेचं जास्तीचं रबर कात्रीनं कापून द्यायचं, हे माझं काम. टेम्पोवाल्यानं माझी पोती उतरवली आणि सवयीनं एक पोतं आक्कांच्या दाराशीही टाकलं. आक्का दवाखान्यात आहेत, ते परत ने, असं मी म्हणणार, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा, दत्ताभाऊंचा फोन आला. "मंगलवहिनी, आई गेली..." आक्कांच्या दारातल्या त्या पोत्याला टेकून बोनस झोपला होता. बोनस म्हणजे आक्कांचा कुत्रा. मला रडू यायच्या आधी त्याचाच विचार आला. आता याला कोण ठेवणार?

आक्का आमच्या घरमालकीण. इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. जमीन गेली, खोल्या उभ्या राहिल्या, मुलगा रावेतला मोठ्या बिल्डिंगमध्ये राहायला गेला. आक्का मात्र आपल्या खोलीतून हलल्या नाहीत. मी लग्न करून लातूरकडून आले तेव्हा मान वर करून कुणाशी बोलत नव्हते. आक्काच दुपारी माझ्या दारात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कातर दे एक." त्यांना पैशाची गरज नव्हती. "हाताला काम नसलं की पाय दुखाय लागत्यात माझं," एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हापासून आम्ही दोघी शेजारी बसून रबर कापायचो. आक्का बोलायच्या, मी ऐकायचे. दिवाळीच्या आठवड्यात टेम्पोखालून एक तांबूस पिल्लू निघालं, एक कान दुमडलेला. ज्याच्या त्याच्या घरी कंपनीच्या बोनसची बोलणी चालली होती. आक्कांनी पिल्लू पदरात घेतलं. "आपल्याला कोन देतंय बोनस? ह्योच आपला." मला लहानपणी कुत्रा चावलेला, त्यामुळे मी लांब सरकले. पुढं कितीतरी दिवस आमच्या दोघींच्या मध्ये पोतं आणि पोत्याच्या पलीकडे बोनस, अशीच आमची बैठक असे.

तो मोठा झाला तशी त्याला गल्ली पुरेना. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या. जवळच्या बागेच्या फाटकावर पाटी, कुत्र्यांना आत आणू नये. तरी आक्का त्याला घेऊन गेल्या. वॉचमन म्हणाला, "मावशी, कुत्रा घाण करतो."

"आन मानसं? त्या बाकाखाली काय पडलंय बघ की जरा! माझा बोनस गुटखा खात न्हाई."

वॉचमन हसला, पण आत सोडलं नाही. मग आक्का त्याला बागेच्या भिंतीकडेनं फिरवायच्या. बोनस जाळीतून आतलं गवत बघायचा आणि आक्का बोनसकडे. त्यांच्या मनाला ते फार लागलं होतं. तेवढ्यात त्यांच्या नातीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. रावेतमध्ये एक कॅफे होतं, मागं हिरवळ, आणि माणसांच्या शेजारी कुत्री बसलेली. आक्कांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. "कुत्र्याला घेत्यात? मंग आपल्यालाबी घेतील. मंगल, ऐतवारी चल."

मी नको नको म्हणत होते. पण आक्कांनी बोनसला न्हाऊ घातलं, स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि डब्यात भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याचे लाडू भरले. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाल्या, "पहिल्यांदा कुनाच्या दारी जायचं, रिकाम्या हातानं कसं जायचं?" दोन रिक्षावाल्यांनी बोनसला बघूनच मान हलवली. तिसऱ्याच्या सीटवर आक्कांनी जुनं लुगडं अंथरलं आणि त्याला म्हणाल्या, "तुझ्या सीटपरीस स्वच्छ हाय, बस आता."

कॅफेत गेल्यावर आक्कांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "घरची मालकीण कुठंय?" आणि डबा पुढं केला. बाहेरचं खाणं चालत नाही, असं ती हळूच म्हणाली. "आमाला न्हाई गं बाई, तुलाच आणलंय." ती मुलगी नांदेडकडची निघाली, खोली करून राहणारी. तिनं डबा उघडला, वास घेतला, आणि झाकण लावून तो आत नेऊन ठेवला. नंतर आमची कॉफी तिनं स्वतः आणली. मी तोवर माझी बोटं पदराखाली लपवली होती. रबराचा काळा रंग साबणानं जात नाही. आजूबाजूला सगळ्यांचे हात कसे लोण्यासारखे. आक्कांनी आपले दोन्ही पंजे टेबलावर सरळ ठेवले. "काढ हात. रबराचं काळं हाय ते, चोरीचं न्हाई."

त्या दिवशी तिथं एका पांढऱ्या केसाळ कुत्र्याचा वाढदिवस होता. डोक्याला टोपी, पुढ्यात केक, सगळे टाळ्या वाजवत होते. मला हसू आवरेना. आक्का मात्र उठल्या. कमरेची पिशवी सोडून रुपया काढला आणि त्या गर्दीत शिरून त्या कुत्र्यावरून तीनदा ओवाळला. "औक्ष लागू दे गं बाई लेकराला," म्हणत तो रुपया त्याच्या मालकिणीच्या हातावर ठेवला. टाळ्या थांबल्या. मला वाटलं, आता हसतील आणि मला जमिनीत शिरावं लागेल. जीन्स घातलेली ती बाई दोन क्षण नुसती बघत राहिली. मग तिनं तो रुपया कपाळाला लावला आणि वाकून आक्कांच्या पाया पडली... आमचा बोनस हिरवळीवर पालथा-उताणा लोळत होता. असं लोळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. येताना रिक्षात आक्का म्हणाल्या, "बघ, कुनी हाकाललं न्हाई."

त्यानंतर दर महिन्याला एक रविवार आमचा ठरलेला असे. नंतर आक्कांच्या पोटात गाठ निघाली आणि रविवार थांबले. दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा त्या अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. दत्ताभाऊ औषध आणायला खाली गेले तसा आक्कांनी माझा हात धरला. "बोनसला कोन ठिवंल गं? दत्ताच्या बिल्डिंगीत न्हाई जमायचं. सुनंला कुत्र्याच्या केसानं दम लागतो, तिचा काय दोष..." मी म्हणाले, "तुम्हीच ठेवाल. घरी येणार आहात ना?" त्यांनी डोळे मिटले. आमची एकच खोली. माझ्या नवऱ्याची रात्रपाळी असली की तो दिवसा झोपतो. आणि मी तर बोनसला कधी हातही लावला नव्हता. आक्कांना हे सगळं माहीत होतं, म्हणून त्यांनी माझ्याकडे मागितलं नाही.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. दत्ताभाऊ हात जोडून म्हणाले, "आई, खोल्या मोडणार नाही." आक्कांचे भाऊ म्हणाले, "नातीचं लगीन थाटात करू, हौसे." कावळे जागचे हलेनात. पुरुष पुढं होते, बायका मागं. माझे पाय कसे पुढं गेले मला ठाऊक नाही. "आक्का," मी म्हणाले, "बोनस माझ्याकडे राहील." सगळ्यांनी वळून पाहिलं, माझ्या नवऱ्यानंही.

कावळा तरीही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं जेवायला उठली. आक्कांना माझं बोलणं ऐकू गेलं की नाही, कोण सांगणार? घरी येताना नवरा म्हणाला, "मी झोपलो आणि तो भुंकला तर?"

"बाहेर घेऊन जाईन."

"तू? कुत्र्याला?" असं म्हणून तो हसला. पण नाही म्हणाला नाही.

मी कबूल केलं, पण बोनसनं कुठं कबूल केलं होतं? तो आक्कांच्या बंद दारापाशीच पडून राही. मी लांबून भाकरी सरकवायचे, तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. बरगड्या दिसायला लागल्या. मी रोज बोलवायचे, "बोनस, ये बाळा, इकडे ये." तो कानसुद्धा हलवत नसे. मुलीनं बिस्किट दाखवलं, नवऱ्यानं शीळ घातली. काही नाही. असाच गेला तर मी आक्कांना काय तोंड दाखवू, या विचारानं माझाही घास उतरेना.

मग एका रविवारी दुपारी मी त्याच्यासमोर उभी राहिले. गल्लीत बायका बसलेल्या होत्या. मी कमरेवर हात ठेवले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऊठ रं मुडद्या! जायाचं न्हाई व्हय रावेतला? रिक्षा काय तुझ्या बापाची हाय?"

आमच्या लातूरकडचं बोलणं असं नाही. बायकांनी चमकून पाहिलं. बोनस ताडकन उठला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं, मग गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं... मी तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळानं तो हळूहळू आला आणि माझ्या हाताला नाक लावलं. नाक ओलं आणि गार होतं. मी हात मागं घेतला नाही.

आता आम्ही जातो. रिक्षावाल्याशी मीच भांडते. माझ्या घरात, कामात, मुलीशी मी माझंच बोलते. बोनसशी मात्र आक्कांचं. दुसरं त्याला चालत नाही.