शिल्पाचा व्हिसा वाढला, पण आईला सांगायचं कसं?

मंडळी, आज दुपारी घरात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

माझी बायको शिल्पा जर्मनीत एका दवाखान्यात नर्स आहे. मी आणि आई इथं येडशीला. तिच्या कामाच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. वाढवून मिळतो का नाही, या काळजीनं तिला जेवण जात नव्हतं. आज फोन आला, "मिळाला!"

मी आनंदानं ओरडलो. ती मात्र हळूच म्हणाली, "आत्यांना कसं सांगू? मुदत संपली की परत येते, असं त्यांना सांगून निघाले होते."

आत्या म्हणजे माझी आई. फोन स्पीकरवर होता आणि ती मागंच ज्वारी निवडत बसली होती. तिनं माझ्या हातातून फोनच घेतला.

"मला भेतीस व्हय गं? मलाबी लग्नानंतर दवाखान्यात काम मिळत होतं. घरच्यांनी जाऊ दिलं न्हाय. तू कर. लई कर."

"पण आत्या, तुम्हाला सोडून..."

"कुठं सोडलंस? गोळी घेतली का म्हणून रोज फोनवर दम देतीस की!"

दोघी हसता हसता रडायला लागल्या. मग आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. "आता ह्यालाबी तिकडं बोलवून घे. फोनवर किती दिस संसार करायचा?"

शिल्पा लगेच हो म्हणाली. माझा मात्र आईला एकटं ठेवून पाय निघत नाही.

तुमच्यापैकी कुणी असं गेलंय का? मन कसं घट्ट केलंत?